धुरा कोरला गेला तर : मोजणीआधी आणि मोजणीनंतर

आधी हिशेब करा. 200 मीटर लांबीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारी 1 मीटर आत सरकला, तर 200 चौरस मीटर जागा गेली. म्हणजे 2 आर, ढोबळमानाने 2 गुंठे. वावरात उभं राहून पाहिलं तर कपाशीचं एक तास, म्हणजे एक ओळ, बस. दर नांगरटीला चार बोटं कोरली तरी काही वर्षांत हे एक तास पलीकडे जातं, आणि कोणत्या साली गेलं हे दोघांनाही सांगता येत नाही. भांडण किती ताणायचं, हे या आकड्यावर ठरवा. दुखावलेल्या मनावर ठरवाल तर वकिलाची फी गुंठ्याच्या किमतीपुढे जाते.

सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. इथेच अर्धी भांडणं चुकीच्या पायावर उभी राहतात. हद्दीसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गटनकाशाची नक्कल काढा. जुनं टिपण (मूळ मोजणीच्या मापांचा कच्चा आराखडा) आणि गटाचा पोटहिस्सा पडला असेल तर त्याची फाळणीही (त्या हिश्श्याच्या मोजणीचा आराखडा) मागा. नागपूर, भंडारा, चांद्याकडे जुने कागद खसरा नंबरावर सापडतात, वऱ्हाडात सर्व्हे नंबरावर. म्हणून अर्जात जुना आणि नवा दोन्ही नंबर लिहा. मोबाइलच्या ॲपवर वावराभोवती फिरून काढलेली रेघ कोणाला दाखवूही नका. साध्या मोबाइलचं जीपीएस काही मीटरने चुकतं आणि आपला वाद एका मीटरचा असतो.

भावाभावांच्या वादात एक अडचण हमखास येते. सातबाऱ्यावर हिस्से वेगळे दिसतात, पण नकाशावर ते कधी पाडलेलेच नसतात. अशा वेळी हद्द कायम करून मिळत नाही, कारण कागदावर ती हद्दच नाही. भूमापक फार तर आजची वहिवाट मोजेल. आधी सगळ्या सहधारकांच्या संमतीने पोटहिस्सा मोजणी करा. संमती मिळत नसेल तर वाटपाचा मार्ग धरावा लागतो.

मोजणीचा अर्ज ई-मोजणीतून, म्हणजे भूमी अभिलेखच्या ऑनलाइन प्रणालीतून होतो. 1 डिसेंबर 2024 पासूनच्या दरांत ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2,000 आणि द्रुतगतीला 8,000 रुपये आहेत. भरण्याआधी चालू दर विचारून घ्या. लगतधारकांची, म्हणजे गटाला लागून असलेल्या शेतमालकांची नावं-पत्ते नीट द्या. मयत माणसाच्या नावाने नोटीस गेली तर पुढे तोच मुद्दा धरून मोजणीवर हरकत येते. वारसांची नावं शोधून टाका. आणि शेजाऱ्याला नोटिशीआधी स्वतः जाऊन सांगा. पोस्टमनकडून कळलं की माणूस ताठतो.

वेळ उन्हाळ्याची निवडा. कपाशीच्या पऱ्हाट्या निघाल्यावर, मृगाआधी. उभ्या तुरीत ना खुणा दिसतात, ना शेजारी कोणाला वावरात पाय टाकू देतो. धानाच्या पट्ट्यात बांध्या सुकलेल्या हव्यात. त्या दिवशी दगड, चुना, सब्बल आणि दोन मजूर तुमचे लागतात. भूमापक रोव्हरने (उपग्रहाच्या मदतीने अचूक मोजणाऱ्या यंत्राने) आधी वहिवाट मोजतो, मग ती नकाशाशी जुळवतो. शिवेचा दगड, जुन्या विहिरीची कड, शेजारच्या गटाचा कायम कोपरा, अशा पक्क्या खुणा आदल्या दिवशी झुडपं तोडून मोकळ्या करून ठेवा. नुसता वादाचा धुरा मोजायचा आग्रह धरू नका. पूर्ण गट मोजला तरच चूक कोणत्या बाजूला आहे ते कळतं. पूर्वेची तूट पश्चिमेच्या शेजाऱ्याकडे निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

नंतर मिळते ती 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. तीत अतिक्रमण दिसतं, पण तिने ताबा मिळत नाही. निकाल पटला नाही तर निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) आणि त्यावर सुपर निमताना मोजणी मागता येते. हा हक्क शेजाऱ्यालाही आहे. ताबा तो खुशीने सोडत नसेल तर जमीन महसूल संहितेप्रमाणे हद्द ठरवून घेऊन कलम 138 खाली अतिक्रमण काढून टाकण्याची कारवाई मागता येते, किंवा दिवाणी दावा लावावा लागतो. तिथे कोर्ट कमिशनरमार्फत पुन्हा मोजणी होऊ शकते. क प्रत हातात घेऊन ट्रॅक्टर घातला तर फिर्यादी तुम्ही नसता, आरोपी होता.

खुणा रोवणं हे सगळ्यात दुर्लक्षित काम. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर फाटते, आणि वरवर रोवलेला दगड दोन पावसाळ्यांत कलतो. निदान तीन फूट खड्डा घ्या, मुरूम लागला तर उत्तम. तळाशी कोळसा नाहीतर फुटक्या काचा टाका. दगड उपटला तरी खालची खूण राहते. प्रत्येक दगडाचं दोन पक्क्या ठिकाणांपासूनचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, पंचांच्या सह्या घ्या. रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी तारेचं कुंपण यानंतरच. मोजणीआधी घातलेलं कुंपण हेच निम्म्या भांडणांचं मूळ असतं.

'बारा वर्षं झाली, आता माझी' हे पारावर ऐकू येतंच. 1963 च्या मुदत कायद्यात 12 वर्षांची मुदत आहे खरी, पण उघड आणि मालकाच्या हक्काविरुद्धचा ताबा असं म्हणणाऱ्यालाच सिद्ध करावा लागतो, तोही दिवाणी कोर्टात. तरी गप्प बसू नका. रजिस्टर पोस्टाने लेखी हरकत पाठवून पोच जपा. दोघांचा ताबाच एकमेकांच्या जमिनीवर 12 वर्षांहून जास्त असेल, तर जानेवारी 2023 ची सलोखा योजना पाहा. अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक 1,000 आणि नोंदणी फी 1,000 रुपये ठेवली होती. योजनेची मुदत सध्या कुठवर आहे ते तहसीलमध्ये विचारा.

धुऱ्यावरची वाट अडवली असेल तर तो वेगळा अर्ज: तहसीलदाराकडे, मामलतदार न्यायालय कायदा 1906 चं कलम 5. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पेरणीत ही मुदत सहज निघून जाते.