शेतात सापडलेला नांगर

"ह्या बघूक माका इतक्या लांब हाडलंस?" आईने टेकाडासमोर उभं राहून विचारलं. बाहेरून पाहता तिचं काही चुकलं नव्हतं. शेतांच्या मधोमध गवताने झाकलेला एक बुटका उंचवटा, त्याच्या पोटात एक दार. आणि वारा असा, की तिची मालवणहून आणलेली छत्री मेच्या उन्हातही दोनदा उलटी झाली.

आई दोन महिन्यांसाठी माझ्याकडे डेन्मार्कमधल्या ओडेन्सला आली होती. हान्स क्रिश्चन अँडरसनचं घर पाहून झालं, कोपनहेगन झालं, राजवाड्यांचा तिला कंटाळा आला. म्हणून एका रविवारी गाडी काढली आणि केर्टेमिंडेच्या अलीकडच्या लाडबी गावाची वाट धरली. तिथे हजार वर्षांपूर्वी व्हायकिंग दर्यावर्द्यांच्या एका सरदाराला जहाजासकट टेकाडाखाली पुरलं होतं. ओडेन्स-लाडबी ज्यावर आहेत त्या फ्यून बेटावरच्या कितीतरी गावांच्या नावाशेवटी असा 'बी' येतो. आपल्याकडे 'वाडी' येते तसा; मूळ अर्थ वस्ती. इंग्लंडमधल्या डर्बी-व्हिटबीतला 'बी'सुद्धा इथूनच गेलेल्या लोकांनी नेलेला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीच्या जातीच्या रेपसीडची पिवळीधमक शेतं. मध्येच एका घराच्या फाटकाशी लाकडी मांडणी, तीत अंडी आणि बटाट्यांच्या पिशव्या, बाजूला पैसे टाकायचा डबा. माणूस नाही. आई गाडीतून मान वळवून बघत राहिली. "आणि कोणी डबाच उचलून नेला तर?" मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, परत येताना बटाटे घेऊ.

टेकाडाचं दार सरकलं आणि आम्ही आत गेलो. गारवा, मंद उजेड. डोळे सरावायला थोडा वेळ लागला. मग काचेपलीकडे जहाज दिसलं. म्हणजे जहाज नाहीच. साधारण साडेएकवीस मीटर लांब, तीनेक मीटर रुंद लाकूड हजार वर्षांत कुजून गेलंय आणि मातीने त्याचा आकार तेवढा धरून ठेवलाय. फळ्या जिथे एकमेकींवर चढवून ठोकल्या होत्या, तिथे गंजलेले खिळे ओळीने तसेच उभे. सुमारे दोन हजार. नॉर्वेतल्या ओसेबर्गला असंच पुरलेल्या जहाजाला चिकणमातीने जपलं, त्यामुळे ते उचलून संग्रहालयात नेता आलं. इथे उचलायला काही नव्हतंच, म्हणून जागेवरच ठेवलं आणि वर छप्पर घालून पुन्हा टेकाड रचलं.

आई काचेला नाक लावून पुढच्या टोकाकडे सरकली. "ही नाळ," ती म्हणाली. नाळेत अकरा घोड्यांचे सांगाडे, सोबत काही कुत्र्यांचे. आणि साखळीसकट लोखंडी नांगर. शेतात नांगर सापडला यात नवल ते काय, पण हा जहाजाचा! 1935 साली ओडेन्सचे औषधविक्रेते आणि हौशी पुरातत्त्वज्ञ पोल हेल्वेग मिकेलसेन यांना या शेतात दफन सापडलं. राष्ट्रीय संग्रहालयाचे गुस्ताव रोझेनबर्ग यांच्याबरोबर त्यांनी पुढे ते उकरलं. तोवर वरून शेतकऱ्यांचे नांगर फिरतच होते.

दफन इसवी सन 925च्या सुमाराचं. तेव्हा आपल्याकडे राष्ट्रकूटांचं राज्य होतं. कुणीतरी मोठा सरदार असणार, कारण अकरा घोडे काय कुणाही सोम्यागोम्याबरोबर देत नाहीत. पण तो सरदार मात्र जागेवर नाही. व्हायकिंग काळातच कुणीतरी थडगं फोडलं, वस्तूंची मोडतोड केली आणि मृतदेह हलवला. शत्रूंनी सूड उगवला, की घरच्याच माणसांनी पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्याला दुसरीकडे नेलं, यावर वाद आहे. मला पहिलं पटतं. आई म्हणाली, "बघ, तेव्हा डबे उचलून नेणारे होते."

जवळच्या संग्रहालयात त्या दफनाची पूर्ण आकाराची प्रतिकृती मांडली आहे. जहाज, घोडे, कुत्रे, आडवा पडलेला सरदार, सगळं नीट दिसतं. शाळेच्या मुलांना आवडत असेल. मला ती जरा नाटकाच्या नेपथ्यासारखी वाटली. त्या अंधारातल्या ओळीने उभ्या खिळ्यांपुढे फिकी. आई मात्र गावच्या बायकांनी लोकरीने भरलेल्या लांबलचक कापडापाशी रेंगाळली. सुलट बाजू बघून झाली आणि मग मागची बाजू कशी दिसते हे बघायला वाकली. तिथल्या बाई हसल्या. भरतकाम करणाऱ्या बायका सगळीकडे हेच करत असाव्यात.

खाली खाडीच्या धक्क्याला लाडबीच्या जहाजावरून नव्याने बांधलेली नौका बांधून ठेवली होती. 2016मध्ये ती पाण्यात उतरवली. लाकडाला डांबराचा वास. आईने वाकून दोन फळ्यांच्या सांध्यावरून हात फिरवला, खिळ्याचं डोकं बोटाने चाचपलं.

"आमच्या आजोबांची मासे धरायची रापणीची होडी काथ्याने शिवलेली," ती म्हणाली. "एक खिळा नाही तिला. पुरली असती तर ह्यांना काय सापडलं असतं?"

"काही नाही."

"दोर्‍यांचा भुगासुद्धा नाही," ती म्हणाली आणि उठली.

परतताना मांडणीपाशी गाडी थांबवली. आईने दोन किलो बटाट्यांची पिशवी उचलली, डब्यात मोजून वीस क्रोनर टाकले, आणि गाडीत बसल्यावर परत उतरून डब्याचं झाकण नीट बसलंय ना हे बघून आली.