आमची वाटचाल : तीन आयएसडीएन लायनी ते दोन खांब

२००४ साली कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका पहिल्या मजल्यावर आम्ही व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची खोली तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका खटल्यात परदेशातल्या डॉक्टरची साक्ष अशी पडद्यावरून घेता येईल, असा निकाल दिला होता. वकील मित्र म्हणाला, "रांग लागेल बघ." वकील दोन-तीनच आले. खोली जगवली ती शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांनी.

तेव्हा भरवशाची होती ती आयएसडीएन, म्हणजे टेलिफोनची डिजिटल लाइन. एका लायनीत ६४ केबीपीएसचे दोन चॅनेल, म्हणजे १२८. एवढ्यात बसलेला माणूस बरा दिसतो, पण हात हलवला की मागे शेपूट उमटतं. म्हणून तीन लायनी एकत्र बांधून ३८४ करायचो. गोम अशी, की प्रत्येक चॅनेल हा वेगळा कॉल. जर्मनीशी अर्धा तास बोलायचं तर सहा आयएसडी कॉल एकदम चालू! गिऱ्हाईक पडद्यापेक्षा घड्याळाकडेच जास्त बघायचं. पण सहाही चॅनेल एकदा जुळले की कॉल संपेपर्यंत ती वाट आपली. गल्लीत कोण काय डाउनलोड करतंय, याच्याशी देणंघेणं नाही.

२००५ नंतर ब्रॉडबँड आलं, बिल ठराविक. मी हुशारी करून दोन आयएसडीएन लायनी परत केल्या. इतकी महागात पडलेली काटकसर मी पुन्हा केली नाही. एडीएसएलमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या त्या ब्रॉडबँडमध्ये, खाली येणारी वाट रुंद, वर जाणारी अरुंद. पलीकडचा आम्हाला झकास दिसायचा, आम्ही त्याला नुसते चौकोन. एका फौंड्रीवाल्या काकांनी कास्टिंगमधलं ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवेने पडलेलं भोक, कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. "अवो, मी एक भोक दावतोय, आन् त्येला समदंच भोक दिसतंय," म्हणत ते उठले. पैसे मागायची माझी हिंमत झाली नाही. त्यात राउटरमागे बसलेलं आमचं मशीन बाहेरून येणाऱ्या कॉलला सापडायचंच नाही. कधी चित्र यायचं, आवाज नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घेतल्यावर आणि राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे कॉलला आत यायची दारं, उघडल्यावर ते निस्तरलं. पुढे लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेली लाइन, घेतली. महाग, पण वर-खाली सारखा वेग, आणि वाटेकरी कोणी नाही.

मध्ये एका घाटातल्या साइटवर उपग्रहाची छत्री बसवून पाहिली. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. दोघे एकदम बोलायचे, मग दोघे एकदम गप्प. वेग वाढवून हे दुखणं जात नाही.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये खोलीला कुलूप लागलं ते लागलंच. पण फोन वाजत राहिले : "भाऊ, शंभर एमबीपीएस घेतलंय, तरी चित्र गोठतं." एका एचडी कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. पॅकेट, म्हणजे चित्र-आवाजाचे पाठवलेले तुकडे, वाटेत किती गळतात, किती मागेपुढे पोचतात, अपलोड किती, हे बघावं लागतं, तेही ऐन गर्दीच्या वेळी. निम्म्या तक्रारी तर वायफायऐवजी लॅनची केबल ओढल्यावरच मिटल्या. आता आमचा धंदा हाच : जागा बघून कनेक्शन निवडून देणं.

तरी गेल्या पावसाळ्यात फसलो. एका दवाखान्याला दोन कंपन्यांची फायबर लावून दिली, एक बंद पडली तर दुसरी म्हणून. गुलमोहराची फांदी पडली आणि ऐन मीटिंगमध्ये दोन्ही गेल्या. कंपन्या दोन, खांब एकच! डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्यानेच मी जास्त ओशाळलो. दुसरं कनेक्शन काढून तिथे ४जीचा राउटर ठेवला, माझ्या खर्चाने. आता कोटेशन देण्याआधी मी तारेखालून चालत नाक्यापर्यंत जातो आणि खांब मोजतो. पोरं हसतात.