लाईन परत आल्यावरचा पहिला वाल

वरुड तालुक्यातल्या ज्या शीतगृहात मी गेली 17 वर्षे अमोनियाचा प्लांट सांभाळतो आहे, तिथल्या बहुतेक खोल्या संत्र्यासाठी 6 ते 7 अंशांवर असतात. एकच खोली मात्र सीताफळाच्या गरासाठी उणे 20 अंशांवर ठेवावी लागते. त्या एका खोलीनेच मला वाल कसा उघडावा हे शिकवले. व्हॉल्व्हला आमच्याकडे वालच म्हणतात आणि इथेही मी तोच शब्द वापरतो.

इतक्या थंड खोलीतल्या कॉइलवर, म्हणजे थंड अमोनिया फिरणाऱ्या नळ्यांवर, बर्फ साचत जातो आणि हवा अडते, म्हणून ठरावीक वेळाने कॉइलमध्ये कॉम्प्रेसरकडून येणारा गरम अमोनिया वायू सोडून तो बर्फ वितळवतात. या डिफ्रॉस्टच्या वेळी कॉइलमधला दाब आम्ही गेजवर, म्हणजे दाबाच्या काट्यावर, 5 बारच्या (बार हे दाबाचे माप) आसपास ठेवतो. त्या दाबाला वायू साधारण 9 अंशांवर द्रव होतो आणि होताना जी उष्णता सोडतो तिने बर्फ सुटतो. एरवी त्याच कॉइलचा आणि तिच्यातला वायू कॉम्प्रेसरकडे परत नेणाऱ्या सक्शन पाईपचा दाब जेमतेम 0.3 बार असतो. म्हणजे डिफ्रॉस्ट संपताना या दोहोंमधल्या सक्शन वालाच्या एका बाजूला 5 बार आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, अशी स्थिती असते, आणि हा सारा लेख त्या एका वालाबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर वादळ झाले आणि डिफ्रॉस्ट चालू असतानाच लाईन गेली. दोन तासांनी ती परत आली तेव्हा खोली उणे 14 अंशांवर येऊन ठेपली होती. रात्रपाळीच्या मुलाने कॉम्प्रेसर सुरू केला, अर्धवट राहिलेले डिफ्रॉस्ट पुन्हा चालू केले, आणि थोड्याच वेळात खोली आणखी तापेल या भीतीने ते मध्येच तोडायचे ठरवले. "भाऊ, सक्शन खोलू का?" असे त्याने मला फोनवर विचारले. मी "खोल" म्हणालो, पण आधी कॉइलचा गेज किती दाखवतो हे विचारले नाही. ती चूक माझी होती. त्याने चाकी झटक्यात चार-पाच फेऱ्या फिरवली आणि छतावरून असा आवाज आला, की शेजारच्या शेतात जागलीवर असलेला माणूस धावत आला. सक्शन पाईप त्याच्या आधारावरून वीतभर सरकला होता आणि दोन क्लॅम्प तुटले होते. अमोनिया गळला नाही आणि कोणाला इजा झाली नाही, एवढे आमचे नशीब.

बागायतदाराला हा आवाज अनोळखी नाही. विहिरीपासून बागेपर्यंत 600 मीटर पीव्हीसी पाईप टाकलेला असतो, शेवटचा वाल कोणीतरी एकदम बंद करतो आणि मधला एखादा जोड फुटतो. वाहणारे पाणी अडले की दाबाची लाट उलटी निघते. पीव्हीसीमध्ये ती सेकंदाला साधारण 400 मीटर जाते, म्हणजे टोकापर्यंत जाऊन परत यायला तिला 3 सेकंद लागतात. या 3 सेकंदांच्या आत वाल मिटला तर दाबाचा पूर्ण तडाखा बसतो. त्याहून बराच जास्त वेळ घेतला तर परत आलेली लाट तडाखा कमी करते. पोलादी पाईपमध्ये लाट सेकंदाला 1200 मीटरच्या आसपास धावते, आणि सेकंदाला 1 मीटर वेगाने जाणारे पाणी तिथे एकदम थांबले तर दाब सुमारे 12 बारने उसळतो.

अमोनियाच्या पाईपमध्ये मात्र प्रकरण इथेच थांबत नाही, कारण तिथे द्रव आणि वायू एकत्र असतात. वाल एकदम उघडला की 5 बारचा वायू सक्शन पाईपमध्ये घुसतो, तळाशी किंवा एखाद्या झोळात साचलेल्या द्रवावर लाटा उठवतो, त्यातली एक लाट पाईपची पूर्ण तोंडी भरते, आणि मग मागच्या वायूच्या रेट्याने तो द्रवाचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा पुढच्या वळणावर किंवा बंद टोकावर आदळतो. शिवाय थंड द्रवाने कोंडलेला गरम वायू क्षणात द्रव होतो. त्याचे आकारमान शंभराहून अधिक पटींनी घटते, आणि ती पोकळी भरायला चोहोकडून द्रव धावतो. या दोन्ही धक्क्यांपुढे सुरक्षा वाल उपयोगी पडत नाही, कारण तो उघडेपर्यंत धक्का बसून गेलेला असतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या थिओडोर इथे 23 ऑगस्ट 2010 रोजी एका शीतगृहात नेमके हेच घडले होते. आदल्या दिवशी सात तासांहून अधिक वेळ वीज गेलेली होती. ती आल्यावर यंत्रणा सुरू करताना चालकाने नियंत्रण प्रणालीतला इशारा हाताने पुसला, त्यामुळे डिफ्रॉस्टमधली कॉइल गरम वायू बाहेर काढण्याचा टप्पा वगळून थेट थंड करण्याच्या टप्प्यावर गेली आणि सक्शनचा वाल उघडला. छतावरचा 12 इंची पाईप फुटला, 14 टनांहून अधिक अमोनिया बाहेर पडला आणि जवळपास काम करणाऱ्या दीडशेहून अधिक लोकांना त्याचा त्रास झाला. तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने हा सगळा क्रम चौकशीत मांडला आहे. तो वाचताना मला आमची ती रात्रच दिसत होती: वीज जाणे, अर्धवट डिफ्रॉस्ट, खोली तापण्याची भीती आणि एक सोडलेला टप्पा.

आता आमचा क्रम भिंतीवर मराठीत रंगवलेला आहे. आधी द्रवाचा वाल बंद करायचा आणि पंखे चालू ठेवून किमान 15 मिनिटे कॉइलमधला द्रव उकळून जाऊ द्यायचा. मग पंखे थांबवून सक्शन मिटायचा आणि गरम वायू आधी छोट्या वालातून, दाब चढल्यावरच मोठ्यातून सोडायचा. शेवटी गरम वायू बंद केल्यावर मोठ्या वालाला वळसा घालून जाणाऱ्या 20 मिलिमीटरच्या बगल पाईपमधून दाब उतरवायचा, आणि गेजचा काटा सक्शनच्या काट्याजवळ येईपर्यंत मोठ्या चाकीला हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की उसळायला काही उरतच नाही.

"हळू फिरवा" एवढे सांगून भागत नाही, हे मला फार उशिरा कळले. सपाट तबकडीच्या वालात पहिल्या काही फेऱ्यांतच बहुतेक प्रवाह सुरू होतो. तेव्हा उघडताना सुरुवातीच्या फेऱ्या हळू हव्यात आणि मिटताना शेवटच्या. एकूण दोन मिनिटे घेतली, पण पहिली अर्धी फेरी झटक्यात दिली, तर ती दोन मिनिटे वायाच गेली म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी त्या कॉइलच्या सक्शनला मोटरचा वाल बसवला, जो ठरवलेल्या वेळात पायरीपायरीने उघडतो. त्याचे काम उत्तम आहे. तरी घेणाऱ्याने एक गोष्ट विचारूनच घ्यावी: वीज गेली तर असा वाल आहे तिथेच थांबतो, अर्धा उघडा तर अर्धा उघडाच, जोवर त्याला बॅटरीचा आधार दिलेला नाही. आमच्या भागात रोज कधी ना कधी लाईन जाते, म्हणून आम्ही बॅटरी बसवली. आणि नियंत्रकात अशी व्यवस्था करून घेतली, की वीज आल्यावर डिफ्रॉस्ट होते तिथून पुढे न चालता आधी बगल पाईपमधून दाब उतरवला जाईल. हाताच्या वालांना हाच नियम माणसाने पाळायचा आहे. लाईन आली की आमचा माणूस आधी कॉइलचा गेज वाचतो, आकडा वहीत लिहितो, आणि मगच कॉम्प्रेसरकडे जातो.

छतावरच्या सक्शन पाईपला त्या रात्रीपासून एका आधाराजवळ थोडा झोळ आहे आणि त्यात द्रव साचतो. सकाळी त्या जागी पाईपच्या खालच्या अंगाला वेगळा गारवा हाताला कळतो. मृग बहाराचा माल निघून खोल्या रिकाम्या झाल्या, की प्लांट थांबवून तो भाग कापायचा आणि उतार देऊन नव्याने जोडायचा असे मालकांशी ठरले आहे. तोवर त्या पाईपकडे जाणारी प्रत्येक चाकी मी स्वतः फिरवतो.