नूरचा हात

शनिवार, १३ सप्टेंबर
नौपाडा, ठाणे

उद्या अष्टमी. बाबांची तिथी. सकाळी सातलाच जांभळी नाक्यावर गेले. पंधरवड्यात जरा उशीर झाला की गवार जून मिळते आणि अळूची फाटकी पानं उरतात. लाल भोपळा, भेंडी, आलं, केळीची पानं घेतली. आमसुलं घरात होती. मग गुरुजींना वेळेचं पुन्हा एकदा सांगावं म्हणून उथळसरला गेले. ते फोन उचलत नाहीत. येताना भुरभुर सुरू झाली आणि मी तुरुंगाच्या भिंतीकडेने चालत राहिले.

या भिंतीजवळून जाताना लहानपणापासून माझी चाल आपोआप मंदावते. बाबांनीच ती सवय लावली. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतलेला हा किल्ला, पुढे त्याचा तुरुंग झाला. याच भिंतींच्या आत १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. बाबा इथून जाताना बोलणं थांबवायचे. मीही थांबवते, सोबत कोणी नसलं तरी.

आज मात्र डोक्यात दुसरा तुरुंग होता. आजची तारीख नूरची. १३ सप्टेंबर १९४४ ला पहाटे जर्मनीतल्या डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. ती तीस वर्षांची होती.

नूर इनायत खान, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी चोरून संदेश पाठवणारी, आमच्या घरात आली ती बाबांमुळे. २०१२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा बसवला, राजकन्या ॲन यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. त्याची बातमी पेपरात आली होती. बाबांनी ती कात्रीने नीट कापून पंचांगात ठेवली आणि मला हाक मारून म्हणाले, "हे वाच. तार देणारी आहे ही. आपल्यातली."

बाबा रेल्वेत तारबाबू. इगतपुरी, कल्याण, मग ठाणे. तारायंत्राचा आवाज गोंगाटात ऐकू यावा म्हणून ते त्याच्यामागे तंबाखूचा रिकामा डबा लावून ठेवायचे. घरी सरावाची एक पितळी कळ होती, सागवानी फळीवर स्क्रूने बसवलेली, वर काळं गोल बटण. त्या बटणाच्या एका कडेला बोटांनी झिजून खळगा पडला आहे. रात्री जेवण झालं की ते त्यावर बोटं चालवायचे, गवई झोपण्याआधी तंबोरा छेडतो तसं. आम्ही पोरं त्या कट्ट-कडकट्टवर झोपायचो. ते सांगायचे, पलीकडे कोण बसलंय हे नाव न सांगता कळतं, प्रत्येकाचा 'हात' वेगळा. कोणाचा हात तुटक, कोणाचा लाडिक, कोणी डॅश, म्हणजे लांब ठोका, ओढतो, कोणी अक्षरं गिळतो.

आणि नूरचा हात जड होता. थंडीने तिची बोटं सुजायची, त्यामुळे ती कळ जोरात दाबायची. बरोबरचे लोक तिला त्यावरून चिडवायचे. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. तेव्हा त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती.

तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. सूफी आणि कसलेले गवई. सयाजीरावांच्या बडोद्यात गायनशाळा काढणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा, आणि त्याच घराण्यातून टिपू सुलतानाशी नातं. आई अमेरिकन. नूर जन्मली मॉस्कोत, १ जानेवारी १९१४ ला, वाढली पॅरिसजवळच्या सुरेन गावात. तेरा वर्षांची असताना वडील गेले, आईने खोली धरली, आणि धाकट्या तिघांचं सगळं हिच्यावर आलं. वीणेसारखं हार्प वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांमधल्या वीस गोष्टींचं तिचं पुस्तक १९३९ साली निघालं. दुसऱ्यांसाठी स्वतःचा जीव देणाऱ्या प्राण्यांच्या त्या कथा आपणही लहानपणी ऐकलेल्या. तिने त्या लिहिल्या आणि चार वर्षांत त्यातलीच एक होऊन बसली.

१९४० मध्ये फ्रान्स पडलं. घरात अहिंसेची शिकवण होती. भावाशी बोलून तिने ठरवलं की नुसतं बघत बसायचं नाही, पण असं काम घ्यायचं ज्यात धोका पुष्कळ असेल आणि कोणाला मारावं लागणार नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत ती बिनतारी संदेश शिकली आणि तिथून गुप्त संघटनेत, स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्हमध्ये, निवडली गेली.

तिथले शेरे वाचून मला अजून वाईट वाटतं. डोक्याने फारशी तल्लख नाही, या अर्थाचं एका वरिष्ठाने लिहून ठेवलं आहे. खोट्या चौकशीचा सराव घेतला तेव्हा ती इतकी घाबरली की आवाजच फुटेना. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं, कारण घरात ते कधी कोणी शिकवलंच नव्हतं. तरी फ्रेंच अस्खलित आणि बिनतारीवर हात तयार, अशी माणसं मिळत नव्हती. १६ जून १९४३ च्या रात्री लायसँडर विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवलं. शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये या संघटनेने बिनतारी यंत्रावर पाठवलेली ती पहिली बाई. सांकेतिक नाव मादलेन. कागदोपत्री जान-मारी रेनिए, मुलं सांभाळणारी दाई.

आठदहा दिवसांत पॅरिसमधलं तिचं जाळं उद्ध्वस्त झालं. प्रमुख पकडला गेला, बाकीचे एकामागून एक. लंडनने कळवलं, परत ये, विमान पाठवतो. ती नाही म्हणाली. आपण गेलो तर पॅरिसहून लंडनला बोलणारं कोणीच राहणार नाही, हे तिला दिसत होतं.

पॅरिसमधल्या बिनतारी चालकाचं आयुष्य तेव्हा सहा आठवडे धरून चालत. ती जवळजवळ चार महिने टिकली. सुमारे पंधरा किलोचं यंत्र सुटकेसमध्ये घालून या घरातून त्या घरात, सायकलवर, मेट्रोत. जर्मनांच्या गाड्या रस्त्यातून फिरत संदेशाची दिशा हुंगायच्या, म्हणून एका जागी फार वेळ कळ दाबता येत नसे. मेट्रोत दोघा सैनिकांनी सुटकेसमध्ये काय आहे विचारलं तर सिनेमाचं यंत्र आहे म्हणाली, आणि उघडून दाखवलंही. एकदा झाडाला एरियलची तार बांधत होती, तर एक जर्मन अधिकारीच मदतीला आला आणि बांधून देऊन गेला, असं सांगतात. जिला खोटं बोलता येत नव्हतं, तिने हे केलं.

आता ती गोष्ट, जी तिच्यावर लिहिणारे पुष्कळदा घाईने उरकतात. मला ती उरकायची नाही.

तिने पाठवलेले आणि आलेले सगळे संदेश, साध्या भाषेत आणि संकेतात, एका वहीत जपून ठेवले होते. निघताना मिळालेल्या सूचनेत संदेशांच्या 'फायलिंग'ची काळजी घे, असं वाक्य होतं. तारेच्या धंद्यात फाईल करणं म्हणजे संदेश पाठवायला देणं. तिने अर्थ घेतला, नोंद ठेवणं. ऑक्टोबर १९४३ मध्ये पैशांसाठी कोणीतरी तिचा पत्ता विकला, ती पकडली गेली, आणि यंत्राबरोबर ती वहीही जर्मनांच्या हातात पडली. मग ते तिच्या नावाने लंडनशी बोलू लागले. लंडनला वाटत राहिलं, मादलेन मोकळी आहे. त्या विश्वासावर आणखी माणसं पॅराशूटने पाठवली गेली, आणि ती थेट शत्रूच्या हातात उतरली. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस उतरलेली मादलेन दामरमाँ, ही खऱ्या नावाची मादलेन, त्यातलीच. डाखाऊत नूरबरोबर ज्या तिघी मारल्या गेल्या, त्यातही ती एक. योलांड बेकमन आणि एलियान प्लूमन या दुसऱ्या दोघी.

या वहीवर बाबा आणि मी कितीदा बोललो असू. बाबांचं म्हणणं, दोष सूचना लिहिणाऱ्याचा. नव्या माणसाला धंद्याची बोली देताना अर्थही द्यावा लागतो. आणि ते हेही म्हणायचे की पलीकडे बसलेल्याने हात ओळखायला हवा होता. इतका जड हात, तो बदलला हे कळू नये? मला बाबांचं पटतं. पण नूरची चूक झाकावीशीही वाटत नाही. माणसं गेली, त्यांनाही आईबाप होते. तिचा पुतळा माझ्या मनात आहे तो या वहीसकट आहे.

कारण त्या वहीबाहेर तिने एक शब्द दिला नाही. पॅरिसच्या ८४, अव्हेन्यू फॉश इथे, जर्मन गुप्त पोलिसांच्या ठाण्यावर, तिला ठेवलं होतं. पकडायला आलेल्याला तिने चावे घेतले होते. आल्या आल्या न्हाणीघराच्या खिडकीतून पळायचा प्रयत्न केला. नोव्हेंबरात दुसऱ्या दोन कैद्यांबरोबर छपराच्या झरोक्याचे गज सैल करून पुन्हा निसटली, नेमका हवाई हल्ल्याचा भोंगा झाला आणि सापडली. पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला सांगितलं, तिने नकार दिला. तिथला प्रमुख कीफर याने युद्धानंतर कबूल केलं की तिच्याकडून काहीच मिळालं नाही.

मग जर्मनीत, प्फोर्झहाइमचा तुरुंग. हातापायांत साखळ्या, एकटीला कोंडलेलं, दहा महिने. कोणाशी बोलायला बंदी. आणि इथे मी आज भिंतीजवळ थबकले. जेवणाची भांडी सगळ्या कैद्यांत फिरायची. नूरने एका भांड्याच्या बुडावर कोरून शेजारच्या कोठडीतल्या फ्रेंच बायकांना आपलं नाव आणि लंडनचा पत्ता कळवला. यंत्र गेलं, एरियल गेली, बोटं साखळीत, तरी हिने तार पाठवलीच. आणि ती पोचलीही. त्यातली एक बाई सुटून घरी गेली आणि त्या पत्त्यावर तिने लिहिलं. नूर तिथे होती हे घरच्यांना कळायला ते भांडं कामी आलं.

गोळी घालण्याआधी ती "लिबर्ते" म्हणाली, स्वातंत्र्य, असं सांगतात. १९४९ मध्ये ब्रिटनने जॉर्ज क्रॉस दिला, त्याआधी फ्रान्सने क्रॉ द गेर. मला मात्र भांडं आठवत राहतं.

संध्याकाळी उडदाची डाळ भिजत घातली, अळूच्या शिरा काढल्या. आई आतल्या खोलीत जप करत होती. कपाटातून बाबांची कळ काढली, चिंचेने पितळ घासलं, पुसून कोरडी केली. टेबलावर ठेवून नूरचं नाव वाजवलं. डॅश डॉट. तीन डॅश. पुन्हा तीन डॅश. डॉट डॅश डॉट. दुसऱ्यांदा थोडं जोरात, सुजलेल्या बोटांनी कसं लागत असेल ते बघावं म्हणून.

आईचा जप थांबला. तिला आता दारावरची बेल ऐकू येत नाही.

"कोण आहे गं?" ती आतून म्हणाली. "ह्यांचा हात नाही हा. हा फार जड आहे."