एमएसचा थकवा आणि नागपूरचा उन्हाळा : माझा अनुभव

मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे एमएसचा थकवा झोपून जात नाही. सकाळी डोळे उघडतात तेव्हाच अंगात त्राण नसतं. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे लोक म्हणतात, "चांगली तर आहेस!" मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब झालेलं असतं, म्हणून साध्या कामालाही मेंदूला जास्त जोर लागतो, हे मी सासूबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "मग पोळ्या बसून लाट ना बाप्पा, उभं काऊन राहायचं?" इतका उपयोगी सल्ला मला दुसऱ्या कोणी दिला नाही.

न्यूरॉलॉजिस्टकडे मी थकव्यावर गोळी मागितली. त्यांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ तपासायला लावलं. झोप कशी आहे, मन उदास राहतं का, हेही विचारलं, कारण या गोष्टींनीही थकवा वाढतो आणि त्यांवर इलाज होऊ शकतो. मग म्हणाले, अमॅन्टाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तिन्ही औषधांची अमेरिकेत चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल छापून आले, आणि प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, एकही सरस ठरलं नाही. योगाचं काय? अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या २००४ च्या अभ्यासात सहा महिने अय्यंगार योग करणाऱ्यांचा थकवा कमी झाला होता. व्यायामाच्या वर्गाला जाणाऱ्यांचाही झाला होता. योगाला चमत्कार न म्हणता त्यांनी हे दोन्ही सांगितलं, म्हणून मला भरवसा वाटला.

खरी अडचण इथल्या उन्हाची. शरीराचं तापमान जरासं वाढलं तरी एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात. व्यायामानंतर अशा रुग्णांची नजर काही वेळ अंधुक होते, हे उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं; त्यामागे अंग तापणं आहे हे पुढे कळलं. नवतपात, पारा ४५ च्या पुढे असताना, सूर्यनमस्कार माझ्यासाठी नाहीतच. आसनं उजाडायच्या आधी, भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन, मानेवर ओला पंचा ठेवून. अंग तापायच्या आत थांबायचं.

दुपारी कूलरसमोर योगनिद्रा. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून एकेका अवयवावर लक्ष फिरवायचं. सुरुवातीला मन पोटरीपाशी आलं की अडकायचं: उद्या हा पाय उचलेल ना? पुन्हा एमएसचा अटॅक, म्हणजे लक्षणं नव्याने उसळणं, तर नाही? हळूहळू कळलं की थकव्याच्या निम्म्या ओझ्याला ही भीतीच कारण होती. थकवा आजही येतो, पण आता त्याच्याशी झुंजण्यात उरलंसुरलं बळ जात नाही. दोन कामं झाली की मी टेकते, अगदी गळून जायची वाट पाहत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कोणी म्हणालं, प्राणायाम सुरू केलास, आता इंजेक्शन बंद कर, तर ऐकू नका. अटॅक टाळायला औषधच लागतं. नवीन लक्षण चोवीस तासांहून जास्त राहिलं तर डॉक्टरांना फोन करायचा.

ऑफिसात दुपारी अर्धा तास आडवं व्हायला जागा मागायची मला फार लाज वाटत होती. मग अर्जात लिहिलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये एमएस येतो, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. रेकॉर्ड रूमशेजारची खोली मिळाली. तिथे कूलर नाही, म्हणून पाण्याचा स्प्रे आणि पंचा मी घरूनच नेते.