दिवे लागले तरी सक्शन बंद पडू शकते

परळमधील एका जुन्या रुग्णालयाचे मुख्य विद्युत पॅनेल तळघरातून पहिल्या मजल्यावर हलवण्याचे काम आमच्याकडे होते. हिंदमाता परिसरात साचणारे पाणी आणि 26 जुलै 2005 चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या खर्चाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. त्यासाठी बेस्टचा, म्हणजे मुंबईतील सार्वजनिक वीजसंस्थेचा, पुरवठा रविवारी पहाटे काही तास बंद ठेवायचा होता आणि तेवढा वेळ अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह व रक्तपेढी भाड्याने आणलेल्या जनरेटरवर चालणार होती.

टाकीतील द्रवरूप ऑक्सिजन वायू होऊन स्वतःच्या दाबानेच खाटेपर्यंत पोहोचतो, त्याला वीज लागत नाही; व्हेंटिलेटरला बॅटरी असते आणि त्यामागे यूपीएस असतो. मला काळजी होती ती सक्शनची. श्वासनलिकेतील स्राव ओढून घेणारी ही यंत्रणा थ्री-फेज मोटरच्या, म्हणजे तीन फेजच्या (वीजवाहक तारांच्या) पुरवठ्यावरील मोटरच्या, व्हॅक्यूम पंपावर चालते, आणि कोणत्याही दोन फेजची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. अशा वेळी दिवे नीट लागतात, व्होल्टमीटर नेहमीचे 415 व्होल्ट दाखवतो, मॉनिटरही चालू राहतात. फक्त भिंतीवरच्या सक्शन गेजचा काटा शून्याकडे सरकू लागतो.

म्हणून बेस्टचा पुरवठा चालू असतानाच या विभागांना वीज देणाऱ्या इमर्जन्सी पॅनेलच्या बसबारवर (आतील धातूच्या वीजवाहक पट्ट्यांवर) फेजचा क्रम दाखवणारे फेज सीक्वेन्स मीटर लावले आणि मग जनरेटरच्या केबलवर. दोन्ही क्रम एकमेकांच्या उलट निघाले. जनरेटरवाल्यांनी लाल, पिवळा, निळा हा फेजच्या रंगांचा ठरलेला क्रम अचूक पाळला होता. उलटापालट इमारतीतच होती. पूर्वी कधीतरी केबलच्या एका जोडात दोन फेज बदलले गेले होते आणि पुढच्या सगळ्या मोटर त्या उलट्या क्रमाशीच जुळवून बसवल्या होत्या. म्हणजे नवीन पॅनेल आम्ही रंगांप्रमाणे बिनचूक जोडले असते, तर त्या बिनचूकपणामुळेच पंप आणि वातानुकूलनाचे पंखे उलटे फिरले असते.

सगळ्या मोटरच्या जोडण्या लगेच बदलून घ्याव्यात, असे आमच्या फोरमनचे मत होते आणि तांत्रिकदृष्ट्या ते योग्यच होते. परंतु वर रुग्ण असताना, मोजक्या वेळात इतक्या ठिकाणी हात घालणे मला मान्य नव्हते. जनरेटरच्या केबलचे दोन फेज आम्ही बदलले, नवीन पॅनेलमधून इमर्जन्सी पॅनेलकडे जाणाऱ्या केबलवरही तोच फेरबदल केला आणि तेथे ठळक पाटी लावली.

जनरेटरवर भार घेताना अतिदक्षता विभागातील सिस्टर गेजसमोर उभ्या राहून फोनवर आकडा सांगत होत्या. तो ढळला नाही. बेस्टचा पुरवठा नवीन पॅनेलवर आल्यावर आम्ही पुन्हा तीच खात्री केली. त्यानंतर एकेका मोटरची केबल थेट नवीन पॅनेलवर घेताना तिची जोडणी सरळ केली; व्हॅक्यूम पंपांपैकी राखीव पंप आधी बदलला आणि तो पुरेसे सक्शन देतो हे पाहूनच चालू पंपाला हात लावला.