तुम्ही विचारलंत म्हणून: कागदावरचं 'अदर' म्हणजे काय?

इथे अमेरिकेत ज्यांच्या मुलाचा आयईपी (शाळेनं त्याच्यासाठी लेखी ठरवलेला विशेष शिक्षणाचा आराखडा) नुकताच झालेला असतो, ते आईबाप मला हमखास विचारतात, "डॉक्टर तर एडीएचडी म्हणाले होते. मग शाळेनं 'अदर हेल्थ इम्पेअरमेंट' का लिहिलंय? त्याला आणखी काही झालंय का हो?"

नाही, आणखी काही झालेलं नाही. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण जाणं; 'अदर हेल्थ इम्पेअरमेंट' म्हणजे शब्दशः 'आरोग्याची इतर अडचण'. माझ्या मुलाच्या कागदावर हेच शब्द आहेत, आणि 'अदर' म्हणजे नेमका कुठला आजार हे शोधत मीही दोन रात्री जागून काढल्यात.

डॉक्टर देतात ते निदान. शाळा लिहिते ती 'आयडिया' या विशेष शिक्षणाच्या कायद्यातली कॅटेगरी. अशा 13 कॅटेगऱ्या आहेत आणि त्यांत एडीएचडी नावाची एकही नाही. म्हणून आमची मुलं 'अदर हेल्थ'मध्ये, दमा, मधुमेह, फिट्स असलेल्या मुलांच्या पंगतीत बसतात. डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण) 'स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी'त, म्हणजे शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीत जातो. ऑटिझमला स्वतःचा रकाना मिळाला तो 1990 मध्ये. मूळ कायदा 1975 चा. नुसत्या निदानावर आयईपी मिळत नाही, हेही सांगून ठेवते. त्या अडचणीचा शिक्षणावर परिणाम होतोय आणि मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे, हे दिसावं लागतं. नाहीतर मग 504 प्लॅनचा, म्हणजे विशेष शिक्षणाशिवाय वर्गात सोयी देणाऱ्या आराखड्याचा, विचार होतो.

आमच्या रकान्याची व्याख्या मात्र मला पटली. आजूबाजूच्या गोष्टींकडे लक्ष जास्त, म्हणून अभ्यासाकडे कमी, असा तिचा एक अर्थ निघतो. अगदी आमचा मुलगा! मागच्या बाकावर कुणी शार्पनर फिरवला की याला कळतं. त्याच वेळी टीचर काय म्हणाल्या, ते विचारू नका.

आता जिथे मी फसले ते सांगते. याला घडलेली गोष्ट नीट क्रमानं सांगता यायची नाही. शेवट आधी, मग मधलं, मग "जाऊ दे". आयईपीच्या मीटिंगमध्ये मी स्पीच थेरपीचं (त्यात उच्चारांबरोबर भाषाही येते) विचारलं, तर टेबलापलीकडून उत्तर आलं, "या कॅटेगरीत स्पीच येत नाही." इतक्या ठामपणे, की मी मान डोलावली. अख्खं वर्ष गेलं.

ते साफ चूक होतं. मुलाच्या सगळ्या गरजा तपासायच्या, त्या एरवी त्या कॅटेगरीशी जोडल्या जात असोत वा नसोत, असं नियमातच आहे. मदत गरजेवरून ठरते. मी दोन ओळींचं पत्र दिलं: भाषेची तपासणी करा. तोंडी विचारण्यात आणि लेखी मागण्यात काय फरक आहे, ते तेव्हा कळलं. संमतीवर सही केल्यापासून तपासणीला 60 दिवस, किंवा तुमच्या राज्याची वेगळी मुदत असेल तर ती. आता आठवड्यातून दोनदा तो स्पीचला जातो.

तेव्हा कॅटेगरी बघा आणि पुढे चला. खरा मजकूर आयईपीतल्या 'प्रेझेंट लेव्हल्स'मध्ये, म्हणजे मुलाला आज काय जमतं ते लिहितात त्या भागात असतो. आमच्याकडे तिथे आधी 'लक्ष देत नाही' एवढंच होतं. मी हट्टानं बदलून घेतलं: 'दोन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच पूर्ण करतो.' वर्षाचं उद्दिष्ट त्यावरूनच लिहिलं गेलं, आणि टीचरनं दुसरी सूचना त्याच्या डेस्कवर चिठ्ठीवर लिहून ठेवायला सुरुवात केली.